कीटकांची चरबी आणि त्यांची रोगप्रतिकारशक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीटकांच्या शरीरात चरबी साठवणारा आणि जंतूंविरुद्धची शस्त्रं घडवणारा अवयव एकच असतो. या विषयातले बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीतून निघतात. खालची उत्तरं प्राणिशास्त्र किंवा कीटकशास्त्र शिकणाऱ्यांना, मधमाश्या पाळणाऱ्यांना आणि किडींच्या जैविक नियंत्रणात रस असणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

कीटकांना रोगप्रतिकारशक्ती असते का?

असते, आणि चांगली दणकट असते. प्रतिपिंडं त्यांच्याकडे नसतात. जी प्रतिकारशक्ती आहे ती सगळी जन्मजात. कीटकांच्या अंगात रक्ताच्या जागी खेळणाऱ्या द्रवाला हिमोलिम्फ म्हणतात. त्यातल्या हिमोसाइट पेशी जंतूंना गिळतात. जंतू फार झाले तर घोळक्याने भोवती जमून त्यांची गाठ बांधतात. परजीवी गांधीलमाशीच्या अंड्यासारखी मोठी वस्तू आत आली, तर तिच्यावर थरावर थर चढवून तिला कोंडून मारतात. याच्या जोडीला रसायनं असतात. फिनॉलऑक्सिडेज या एन्झाइममुळे मेलॅनिनचा काळा थर बसतो आणि जंतुनाशक पेप्टाइडं जिवाणूंची पटलं फोडतात. यांतलं सिक्रोपिन हे पेप्टाइड हान्स बोमन यांच्या गटाने सिक्रोपिया पतंगाच्या कोषांतून वेगळं केलं आणि 1981 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली.

टोल आणि इम्ड ही नावं वारंवार वाचनात येतात. ती काय आहेत?

जंतू आल्याची वर्दी पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवणारे हे दोन संदेशमार्ग आहेत. ढोबळमानाने बुरशी आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंसाठी टोल, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंसाठी इम्ड. टोल जनुक आधी ड्रोसोफिला या छोट्या फळमाशीच्या गर्भवाढीच्या अभ्यासात सापडलं होतं. ते बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात, हे 1996 मध्ये ब्रूनो लमेत्र आणि ज्यूल हॉफमान यांच्या गटाने दाखवलं. हॉफमान यांना 2011 चं नोबेल पारितोषिक याच कामासाठी विभागून मिळालं.

यात चरबीचा संबंध कुठे आला?

मेदपिंडापाशी. एखादी मोठी अळी पाण्यात बुडवून पाठीवरून उभी चिरली आणि कातडी दोन्ही बाजूंना टाचणीने ताणून धरली, की आतड्याभोवती आणि कातडीच्या आतल्या बाजूला पांढरट किंवा पिवळसर, झालरीसारखे नाजूक पापुद्रे तरंगताना दिसतात. तो मेदपिंड. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या दिसतात. आपल्या शरीरात यकृत आणि चरबीच्या ऊती वेगवेगळ्या असतात, कीटकांत ती दोन्ही कामं हा एकच अवयव करतो. ट्रायग्लिसराइडच्या रूपात मेदाम्लं, म्हणजे चरबीचे मूळ घटक, साठवणं, ग्लायकोजेन साठवणं, साठा मोडून हिमोलिम्फमध्ये सोडणं आणि अंड्यांसाठी पिवळ्या बलकाचं प्रथिन बनवणं ही सगळी कामं त्याचीच.

संसर्गाच्या वेळी जंतुनाशक पेप्टाइडांचा मोठा वाटाही याच पेशी तयार करतात. कोठाराच्या किल्ल्या आणि वेशीवरचा पहारा एकाच माणसाकडे असावा, तशी ही व्यवस्था आहे. शांततेच्या काळात ती उत्तम चालते. संकट आलं, की त्याच पेशीला साठवायचं की लढायचं हे ठरवावं लागतं.

संसर्ग झाला की साठ्याचं नेमकं काय होतं?

या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत फार सुंदर उलगडलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, साठवण थांबते. ड्रोसोफिलाच्या मेदपिंडात टोल मार्ग मुद्दाम चालू ठेवला तर इन्सुलिनचा संदेश मंदावतो, ट्रायग्लिसराइड घटतं आणि अळीची वाढही खुंटते, असं 2009 मध्ये दिसून आलं. म्हणजे जंतू अन्न खातात म्हणून चरबी कमी होते असं नाही. प्रतिकारयंत्रणा स्वतःच साठवणुकीला आवर घालते.

दुसरी गोष्ट, एकच प्रथिन दोन्ही बाजू सांभाळतं. मेफ-2 हे जनुकांना चालू-बंद करणारं प्रथिन निरोगी माशीत फॉस्फेटचा गट लावून वावरतं आणि चरबी व ग्लायकोजेन बनवणारी जनुकं चालवतं. संसर्ग झाला की तो फॉस्फेट गळतो, मेफ-2 नवा साथीदार पकडतं आणि जंतुनाशक पेप्टाइडांची जनुकं चालवू लागतं. हे काम 2013 चं. साठवण आणि लढाई यांच्यातली निवड किती मुळाशी बसलेली आहे हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा शोध मला माहीत नाही.

तिसरी गोष्ट बऱ्याच पाठ्यपुस्तकांत अजून आलेली नाही. साठ्यात न गेलेली सगळी मेदाम्लं जळून जात नाहीत. टोल चालू असताना मेदपिंडाची पेशी तीच मेदाम्लं ट्रायग्लिसराइडऐवजी फॉस्फोलिपिड बनवायला वळवते. फॉस्फोलिपिड हा पटलांचा कच्चा माल आहे. त्यातून पेशीतलं अंतर्द्रव्य जाळं (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम) विस्तारतं. पेप्टाइडं बाहेर पाठवायच्या आधी ती याच जाळ्यात तयार होतात, त्यामुळे जाळं वाढल्याशिवाय उत्पादन वाढत नाही. 2020 मध्ये ड्रोसोफिलावर हे दाखवण्यात आलं. ‘संसर्गात चरबी घटते’ एवढं एक वाक्य पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा भाग आवर्जून समजून घ्यावा.

संसर्ग लांबला तर मात्र नुसतं नुकसान उरतं. मायकोबॅक्टेरियम मरिनम या क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदाने ग्रासलेल्या माश्या चरबी आणि ग्लायकोजेन गमावत खंगत जातात.

चरबी जाळून किती ऊर्जा मिळते?

पामिटिक आम्ल 16 कार्बनचं असतं. मायटोकाँड्रियात बीटा-ऑक्सिडेशनच्या 7 फेऱ्यांत त्याचे 8 ॲसिटिल-कोए तुकडे होतात आणि निव्वळ 106 एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते ते रेणू, हाती लागतात. ग्लुकोजच्या एका रेणूतून 30 ते 32 मिळतात. हिमोसाइट मात्र तातडीच्या कामासाठी ग्लुकोजवर भर देतात. परजीवी गांधीलमाशीने अंडं घातलेल्या ड्रोसोफिलाच्या अळीत या पेशी ॲडिनोसिन सोडतात आणि बाकीच्या ऊतींची साखर रोखून स्वतःकडे वळवून घेतात, असं 2015 मध्ये आढळलं. ॲडिनोसिनचा हा संदेश तोडला तर अळीची वाढ नीट होते, पण लढाई कमकुवत पडते.

मेदाम्लं म्हणजे फक्त इंधन आणि कच्चा माल का?

नाही. ती संदेशवाहकही आहेत, आणि या विषयाचा सगळ्यात समृद्ध भाग हाच आहे.

पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिडच्या मधल्या कार्बनवर बहुधा एक असंपृक्त मेदाम्ल अडकवलेलं असतं. जंतूची चाहूल लागली की फॉस्फोलायपेज ए-2 हे एन्झाइम ते कापून मोकळं करतं. ते 20 कार्बनचं ॲराकिडॉनिक आम्ल असेल, तर त्यात ऑक्सिजन जोडून प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्राइन अशी संयुगं बनतात. या सगळ्यांना मिळून आयकोसॅनॉइड म्हणतात.

कीटकांच्या प्रतिकारात त्यांचा हात आहे, हे डेव्हिड स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये तंबाखूवरच्या शिंगअळीवर, म्हणजे मँडुका सेक्स्टावर दाखवलं. प्रयोग साधा आणि नेमका होता. अळ्यांना सेराशिया मार्सेसेन्स हे जिवाणू टोचले. निरोगी अळ्या हिमोलिम्फमधले जिवाणू भराभर साफ करतात. ज्या अळ्यांना आधी डेक्सामेथासोन हे औषध देऊन फॉस्फोलायपेजचं काम रोखलं होतं, त्यांच्या अंगात जिवाणू टिकून राहिले. मग अशाच अळ्यांना ॲराकिडॉनिक आम्लही टोचलं, आणि सफाईची क्षमता परतली. अडवलेली पायरी ओलांडून पुढचा माल थेट पुरवला की काम सुरू होतं, म्हणजे मार्ग हाच आहे. ही मांडणी पुढे अनेक कीटकांवर पुन्हा पुन्हा वापरली गेली.

अशा प्रयोगांत मोजतात काय, हेही विचारलं जातं. बहुतेक वेळा गाठी मोजतात. जिवाणू टोचल्यावर काही तासांनी अळी उघडली, की मेदपिंडावर आणि शरीरभिंतीच्या आतल्या बाजूला तपकिरी-काळे बारीक ठिपके चिकटलेले दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे हिमोसाइटनी घेरून मेलॅनिनने बंद केलेला जिवाणूंचा पुंजका. आयकोसॅनॉइड रोखलेल्या अळीत हे ठिपके स्पष्टपणे कमी असतात. हिमोसाइट काचेवर हातपाय पसरतात की गोलच राहतात हेही पाहिलं जातं. प्रोस्टाग्लँडिनशिवाय त्या नीट पसरत नाहीत. लष्करी अळीच्या एका जातीत, स्पोडोप्टेरा एक्झिग्वात, ईनोसाइटॉइड नावाच्या हिमोसाइट प्रोस्टाग्लँडिनच्या इशाऱ्यावर फुटतात आणि आतलं प्रोफिनॉलऑक्सिडेज बाहेर सोडतात. मेलॅनिनचं काम तिथून सुरू होतं.

सस्तन प्राण्यांत प्रोस्टाग्लँडिन सायक्लोऑक्सिजनेजमुळे बनतात. कीटकांतही तेच का?

ज्या कीटकांवर बहुतेक काम झालं आहे, त्यांत सस्तन प्राण्यांसारखं ते एन्झाइम नाही. त्या जागी पेरॉक्सिडेज कुळातली प्रथिनं काम करतात. ड्रोसोफिलात पीएक्सटी हे प्रथिन तसं काम करत असल्याचं 2008 मध्ये अंड्यांच्या वाढीच्या अभ्यासात दिसलं. स्पोडोप्टेरात पेरॉक्सिनेक्टिन नावाची प्रथिनं हे काम करतात.

कीटकांकडे ॲराकिडॉनिक आम्ल येतं कुठून?

जमिनीवरच्या कीटकांच्या ऊतींत ते अगदी अत्यल्प असतं, इतकं की पूर्वी अनेकांना या सगळ्या गोष्टीबद्दलच शंका होती. पुष्कळ कीटक वनस्पतींतून मिळणाऱ्या 18 कार्बनच्या लिनोलिक आम्लाची साखळी वाढवून आणि दुहेरी बंध घालून ते तयार करतात. लिनोलिक आम्ल बहुतेक प्राण्यांना अन्नातूनच मिळवावं लागतं, पण काही रातकिडे, झुरळं आणि वाळवी ते स्वतः बनवू शकतात. क्यूलेक्स डासांच्या अळ्यांना मात्र 20 कार्बनची मेदाम्लं आयतीच लागतात: ती अन्नात नसतील तर अळी वाढते, डास बाहेरही येतो, पण त्याला धड उडता येत नाही.

सुरू झालेली ही प्रतिक्रिया थांबते कशी?

थांबवणारेही मेदाम्लाचेच पदार्थ असतात. स्पोडोप्टेरा एक्झिग्वात लिनोलिक आम्लापासून बनणारी इपॉक्सी संयुगं संसर्गाच्या उत्तरार्धात वाढतात आणि हिमोसाइट व पेप्टाइड दोन्हींचं काम आवरतं घेतात. मेलॅनिन बनताना तयार होणारी क्विनोनं जंतूंइतकीच स्वतःच्या पेशींनाही घातक असतात, त्यामुळे हा लगाम गरजेचा असतो. या भागावर तुलनेने कमी लिहिलं जातं. माझ्या मते पुढच्या काळात इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळेल.

रोगजंतूंनी यावर तोड काढली आहे का?

काढली आहे, आणि तिचा आपण उपयोगही करतो. स्टाइनरनेमा कार्पोकॅप्सी हा सूत्रकृमी तोंड, गुदद्वार किंवा श्वासरंध्रांतून अळीत शिरतो आणि आपल्या आतड्यातले झेनोरॅब्डस नेमॅटोफिला हे जिवाणू आत सोडतो. हे जिवाणू यजमानाचं फॉस्फोलायपेज ए-2 रोखणारी संयुगं सोडतात. ॲराकिडॉनिक आम्ल मोकळंच होत नाही, गाठी बांधल्या जात नाहीत आणि अळी साधारण दोन दिवसांत मरते. अशा अळीला बाहेरून ॲराकिडॉनिक आम्ल टोचलं, की तिचा प्रतिकार काही प्रमाणात परत येतो. हे सूत्रकृमी जैविक कीडनियंत्रणात जगभर वापरले जातात. झेनोरॅब्डसचा द्रव बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) या कीटकनाशक जिवाणूसोबत दिल्यास अळ्या अधिक मरतात, असंही प्रयोगांत दिसलं आहे.

खूप उडालेला किंवा ताण सोसलेला कीटक लवकर आजारी का पडतो?

रातकिड्यांत याचं उत्तर एका प्रथिनापर्यंत पोचलं आहे. ॲपोलिपोफोरिन-3 हे छोटं प्रथिन एरवी हिमोलिम्फमध्ये मोकळं फिरतं आणि जिवाणूंच्या लिपोपॉलिसॅकराइडला, बुरशीच्या बीटा-ग्लुकॅनला चिकटून धोका ओळखायला मदत करतं. उड्डाणाच्या वेळी ॲडिपोकायनेटिक संप्रेरक मेदपिंडातून चरबी मोकळी करतं. ती डायग्लिसराइडच्या रूपात लिपोफोरिन या वाहक कणांवर चढते. कण फुगला की त्याला स्थिर ठेवायला ॲपोलिपोफोरिन-3 चे अनेक रेणू लागतात. ते तिकडे गुंतले की पहाऱ्यावरचे कमी होतात. शेली ॲडॅमो यांच्या गटाने 2008 मध्ये ग्रायलस टेक्सेन्सिस या रातकिड्यात हे मांडलं.

यावरून ‘चरबी हलवणारं संप्रेरक म्हणजे प्रतिकाराचा शत्रू’ असा निष्कर्ष काढू नये. टोळांमध्ये हेच संप्रेरक बुरशीतल्यासारख्या बीटा-ग्लुकॅन शर्करेसोबत टोचल्यावर फिनॉलऑक्सिडेजची प्रतिक्रिया उलट वाढलेली आणि लांबलेली दिसली आहे.

आजारी कीटक खाणं का सोडतात?

पचवलेली चरबीही लिपोफोरिनवरूनच वाहून न्यावी लागते. त्यामुळे जड, तेलकट आहार आणि लढाई यांची एकाच प्रथिनावरून ओढाताण होते. जिवाणू टोचलेले रातकिडे कमी खातात आणि निवड दिली तर कमी चरबीचं अन्न पसंत करतात. चरबीयुक्त आहारावर ठेवलेले रातकिडे सेराशियाला अधिक बळी पडले.

मग चरबी हिमोलिम्फमध्ये असण्यापेक्षा पेशीत असलेली बरी का?

पेशीतले मेदथेंब तर थेट लढतातही. ड्रोसोफिलाच्या गर्भात या थेंबांच्या पृष्ठभागावर हिस्टोन, म्हणजे एरवी डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं, बांधून ठेवलेली असतात आणि ती जिवाणूंना मारतात, हे 2012 मध्ये सिद्ध झालं. हिस्टोन बांधून ठेवणारं जॅबा हे प्रथिन नसेल, तर जिवाणू टोचल्यावर असे गर्भ तग धरण्यात मागे पडतात.

कातडीवरच्या मेदाचा काही उपयोग होतो का?

होतो. क्युटिकलच्या, म्हणजे कीटकाच्या बाहेरच्या कवचाच्या, सगळ्यात वरच्या थरात हायड्रोकार्बन आणि मोकळी मेदाम्लं असतात. बुरशीचे बीजाणू आधी इथेच उतरतात. 8 कार्बनच्या कॅप्रिलिक आम्लासारखी आखूड साखळीची मेदाम्लं ब्युव्हेरिया या बुरशीच्या बीजाणूंना रुजू देत नाहीत. पण बुरशीही गप्प बसत नाही. ब्युव्हेरिया आणि मेटारायझियम या कीटकांवर वाढणाऱ्या बुरशांकडे लांब साखळीचे हायड्रोकार्बन मोडून खाण्याची एन्झाइमं आहेत. याच ब्युव्हेरियामुळे रेशीमकिड्यांना रोग होतो हे अगोस्तिनो बास्सी यांनी 1835 मध्ये दाखवलं होतं.

मधमाश्यांच्या बाबतीत काय लक्षात घ्यावं?

मधमाश्यांना मेद मिळतो तो परागातून. मधात तो जवळजवळ नसतोच. त्यामुळे फक्त साखरेचा पाक दिलेली वसाहत उपाशी राहत नसली, तरी मेदपिंड भरायला लागणारा माल तिला मिळत नाही. थंड प्रदेशांत हिवाळा काढणाऱ्या माश्यांचा मेदपिंड भरगच्च असतो, त्यात व्हिटेलोजेनिन हे बलकाचं प्रथिन भरपूर असतं आणि त्या कित्येक महिने जगतात. उन्हाळ्यातल्या कामकरी माश्या काही आठवडेच.

माश्यांच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी, व्हॅरोआ कोळीही इथेच घाव घालतो. तो हिमोलिम्फ पितो असं अनेक वर्षं मानलं जायचं. प्रौढ माश्यांवर बसलेला व्हॅरोआ मुख्यतः मेदपिंड खातो, हे 2019 मध्ये रंगद्रव्यं वापरून दाखवण्यात आलं. झाकलेल्या घरातल्या कोषावर वाढताना मात्र तो बहुतांशी हिमोलिम्फवरच जगतो, असं नंतरच्या कामात दिसलं. प्रौढ माशीचा मेदपिंड कुरतडला गेला, की तिचा अन्नसाठा आणि पेप्टाइडांचा कारखाना एकदमच जातो. म्हणून कोळ्यांचा बंदोबस्त हिवाळी माश्या तयार होण्याच्या आधी करावा. मेदपिंड एकदा खाल्ला गेल्यावर केलेला उपचार त्या पिढीला फारसा उपयोगी पडत नाही.

डासांच्या चरबीचा मलेरिया आणि डेंगीशी संबंध आहे का?

जवळचा आहे. डेंगीचा विषाणू पेशीतल्या पटलांवर वाढतो, आणि डासांच्या पेशींत मेदाम्ल बनवणारं एन्झाइम रोखलं तर त्याची वाढ मंदावते. मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढताना डासाचाच मेद वापरतो. दुसऱ्या बाजूने, ॲनॉफिलिस डासाला एकदा परजीवीचा संसर्ग झाला, की आतड्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-2 सुटतं, हिमोसाइट तिकडे ओढल्या जातात आणि पुढे लिपॉक्सिन हे दुसरं मेदाम्लजन्य संयुग टिकून राहतं. असा डास दुसऱ्या संसर्गाला अधिक जोमाने तोंड देतो. प्रतिपिंडांशिवायही आधीच्या संसर्गाची खूण राहू शकते याचं हे ठळक उदाहरण आहे.

एका कीटकावरचे निष्कर्ष दुसऱ्याला लावता येतात का?

मेदपिंडाची दुहेरी भूमिका आणि टोल मार्गाचा आराखडा बऱ्याच विश्वासाने लावता येतो. मेदाम्लांच्या तपशिलाबाबत सावध राहावं. ड्रोसोफिला 18 कार्बनच्या मेदाम्लांपासून 20 कार्बनची बनवू शकत नाही, त्यामुळे आयकोसॅनॉइडचं काम मुख्यतः मँडुका आणि स्पोडोप्टेरासारख्या पतंगांच्या अळ्यांवर झालं, तर टोल आणि मेफ-2 चं काम ड्रोसोफिलावर. म्हणजे या विषयाची दोन अर्धी चित्रं दोन वेगळ्या कीटकांत रंगवलेली आहेत. नवीन प्रयोग आखताना आपल्या कीटकाच्या अन्नात कोणती मेदाम्लं आहेत आणि त्याच्या ऊतींत प्रत्यक्ष कोणती सापडतात, हे गॅस क्रोमॅटोग्राफीने आधी तपासून घ्यावं आणि मगच रोधक औषधं टोचायला घ्यावीत.